शंभरपट लहान घर

बुलढाण्यात माझं पहिलं काम होतं खड्डा खणून घ्यायचं. कॉम्प्युटर बसवायला आलेला माणूस आधी कुदळ मागतो, याचं तिथल्या सगळ्यांना हसू आलं. पण त्या ऑफिसच्या वायरिंगला अर्थिंगच नीट नव्हतं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की बोटांना मुंग्या यायच्या, आणि असल्या लाइनवर चार नवी मशीन जोडायची माझी छाती होईना. मी मुळातच घाबरट. कुठलीही वस्तू बिघडली की लोक आधी माझ्याकडे बघणार, असं मला शाळा सुटल्यापासून वाटत आलंय. म्हणून मागच्या भिंतीला लागून खड्डा घेतला, त्यात तांब्याची पट्टी सोडली, मिठाचा एक थर, कोळशाचा एक थर असं भरत आणलं आणि वरून बादलीनं पाणी ओतू लागलो.

मागून आवाज आला, "काय बे, लोणचं घालून राह्यला का?"

वळून बघितलं तर एक उंच, खांद्यात वाकलेले गृहस्थ दारात उभे. हातात चहाचा कप होता आणि बशीही होती, आणि कप बशीवर सारखा किणकिणत होता. मला वाटलं थंडी वाजत असेल. बुलढाणा घाटावर आहे, हिवाळ्यात तिथे सकाळी बोटं वाकत नाहीत. पण ते दिवस उन्हाचे होते.

ते काका. त्या ऑफिसात घरांचे नकाशे काढण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. मालक इंजिनियर, त्यांना सगळे साहेब म्हणत. साहेबांच्या वडिलांनी ऑफिस उघडलं तेव्हापासून काका तिथल्या बोर्डावर उभे. तिरक्या लाकडी बोर्डावर ट्रेसिंग पेपर ताणून, शाईच्या पेनानं, पट्टीच्या आधारानं भिंती काढायच्या, दारं काढायची, जिना काढायचा. बुलढाण्यातल्या कितीतरी घरांत लोक राहायला गेले त्याच्या आधी काका त्या घरांतून कागदावर हिंडून आले होते.

मग बांधकामाची परवानगी ऑनलाइन झाली. नकाशा कागदावर नको, कॉम्प्युटरवर काढलेली फाइल पाहिजे. काही दिवस साहेबांनी बाहेरून काम करून घेतलं, ते परवडेना, वेळ जाई. शेवटी त्यांनी आमच्या दुकानातून चार मशीन घेतली, आणि ती बसवायला दुकानानं मला पाठवलं.

मी सिंधुदुर्गातला, खाडीकाठचा. नववीत शाळा सोडली. चुलत बहिणीचे यजमान बँकेत, त्यांची बदली बुलढाण्याला झाली तेव्हा त्यांनी मला सोबत आणलं आणि कॉम्प्युटरच्या दुकानात चिकटवलं. दोन पावसाळे झाले आणि त्यांची बदली परत कोल्हापूरकडे झाली. ते गेले, मी राहिलो. इथली भाषा मला अर्धी कळायची, भाकरी घशाखाली उतरायची नाही, आणि घरी फोन केला की आई म्हणायची, तिथे तुझं कोण आहे? मला उत्तर यायचं नाही.

त्या ऑफिसात मी आलो तो चार दिवसांच्या कामासाठी. पण मशीन बसवायची म्हणजे नुसत्या वायरी जोडायच्या नव्हत्या. बोर्ड काढावे लागले. सुताराकडून सरळ टेबलं करून घेतली, खाली कीबोर्डाचे सरकते पाट. लाइट गेली तर काम जाऊ नये म्हणून प्रत्येकाला यूपीएस, चारही मशीन एकमेकांना जोडलेली, म्हणजे एकाची फाइल दुसऱ्याला उघडता यावी. आणि खिडक्या. त्या खोलीला उत्तरेच्या बाजूनं चांगल्या माणूसभर उंचीच्या खिडक्या होत्या. उत्तरेचा उजेड सावली पाडत नाही म्हणून साहेबांच्या वडिलांनी मुद्दाम ठेवलेल्या. त्याच उजेडाची आता कॉम्प्युटरच्या पडद्यावर चकाकी येऊ लागली, समोरचं काही दिसेना. मी जाड निळे पडदे लावायला सांगितले. ज्या दिवशी पडदे लागले त्या दिवशी काका खोलीच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "सिनेमाचं थेटर झालं बुवा आपलं. आता समोशेवाला तेवढा येऊ द्या."

सगळे हसले. साहेबही हसले. पण साहेबांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, काकांचं मशीन खिडकीजवळच लाव, आणि त्यांना लागेल ते कर. कामाला नाही आलात तरी चालेल असं साहेब काकांना म्हणाले होते, पण काका ऐकेनात.

काका साहेबांना काय म्हणाले होते ते मला त्यांनीच सांगितलं. "म्या म्हटलं, एक घर याच्यावर पुरं काढतो. दारापासून संडासापर्यंत. जमलं तं बसतो इथं. नाई जमलं तं घरी जातो. फुकटचं खुर्चीवर बसून चहा नाई प्यायचा."

अडचण डोक्याची नव्हती, हाताची होती. कपबशी का वाजत होती ते मला तेव्हा कळलं. कंपवात. अकोल्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. गोळी घेतली की थोड्या वेळानं हात ऐकायचा, तासभर ऐकायचा, मग पुन्हा सुटायचा. शाईचं पेन त्यांनी आदल्या वर्षीच खाली ठेवलं होतं. पेन्सिलीनं कच्चा नकाशा अजून काढायचे, रेघ थरथरलेली असायची, पण कुठे काय आहे ते कळायचं. म्हणजे कॉम्प्युटर आला म्हणून काकांचं काम जात होतं असं नाही. काकांचं काम जायलाच निघालं होतं, आणि कॉम्प्युटर आला तर कदाचित राहील, अशी वेळ होती.

हे कळल्यावर मी त्या मशीनला जितका लागलो तितका दुसऱ्या कशाला लागलो नाही. माउस इतका मंद केला की टेबलभर हलवला तरी बाण वीतभर सरकावा. एक कळ थरथरीनं दोनदा दाबली गेली तर दुसरी सोडून द्यायची सोय कॉम्प्युटरात असते, ती चालू केली. रेघ सरळ आडवी किंवा सरळ उभीच जाईल, वाकडी जाणारच नाही, अशीही एक कळ असते, ती कायम दाबून ठेवली. माउस घसरू नये म्हणून खाली रबरी चटई कापून चिकटवली. मग काकांना बसवलं.

त्यांनी माउस दोन्ही हातांनी धरला, देवळातला प्रसाद धरावा तसा. एक टोक दाबलं, सरकवलं, दुसरं टोक दाबलं. पडद्यावर एक रेघ उमटली. सरळ, कापल्यासारखी.

काका किती तरी वेळ त्या रेघेकडे बघत होते. मग म्हणाले, "हे म्या काढली का त्यानं?"

"तुम्ही काढली, काका."

"खोटं बोलते कोकण्या," ते म्हणाले. आणि लगेच दुसरी काढली.

त्या दिवसापासून मी त्यांचा झालो. दुकानातून साहेबांनी मला मागूनच घेतलं. मशीन सांभाळायची, मोठ्या कागदावर नकाशे छापणारा प्लॉटर चालवायचा, आणि जमेल तसं नकाशाचं शिकायचं. शिकवलं काकांनी. जाड रेघ म्हणजे भिंत, पाव गोल म्हणजे दार उघडतं ती बाजू, तुटक रेघ म्हणजे वरून जाणारं काहीतरी. मी चुकलो की म्हणायचे, "या दारातून तू आत शिरला तं कपाळ फुटते लेका. पाय नीट." दुपारी त्यांच्या घरी जेवायला न्यायचे. घर जवळच होतं, मागच्या गल्लीत. काकू माझ्यासाठी वेगळा भात टाकायच्या. काका म्हणायचे, "आमाले भाकर, जावयाले भात." काकू म्हणायच्या, "खाऊ द्या ना हो, त्याची माय तिकडं काय म्हणत असंल." आईनं पुन्हा विचारलं, तिथे तुझं कोण आहे, तेव्हा मी सांगितलं.

हे सगळं मी लिहितोय कारण काका आता नाहीत. ते गेले तेव्हा मी गावी होतो, आईच्या मोतिबिंदूच्या ऑपरेशनला. सिंधुदुर्गातून बुलढाण्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. पण मला जे सांगायचंय ते त्याच्या आधीचं आहे.

चिखली रोडला एका मास्तरांना घर बांधायचं होतं. दिवाळीच्या सुमारास ते काम आलं आणि काका म्हणाले, हे माझं. आमच्याकडे चिखलीहून रोज एसटीनं एक ताई यायची, सिव्हिलचा डिप्लोमा झालेली, हात चलाख. तिनं मोजणीच्या कागदावरून मास्तरांच्या प्लॉटची हद्द आणि पुढचा रस्ता काढून फाइल तयार करून ठेवली. त्या हद्दीच्या आत काकांनी घर काढायचं.

आता इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे. बोर्डावर काम करणाऱ्या लोकांत एक रीत असते. संध्याकाळी घरी जाताना अर्धवट नकाशावर कपडा टाकायचा, धूळ बसू नये म्हणून. आणि दुसऱ्याच्या बोर्डावरचा कपडा कोणी उचलायचा नाही. नकाशा पुरा होईपर्यंत तो काढणाऱ्याचा. साहेबांच्या वडिलांनीसुद्धा कधी उचलला नाही म्हणे. काका मशीनवर आले तेव्हा आपला तो जुना मांजरपाटाचा कपडा घेऊनच आले. तासभर काम झालं, हात सुटला की फाइल बंद करायची, पडदा विझवायचा, आणि मॉनिटरवर कपडा. ताई हसायची. "काका, धूळ आत जात नाई हो." काका म्हणायचे, "तुमची नजर तं जाते ना."

म्हणून ते काय काढतायत ते आम्ही कोणी बघितलं नाही. मी तर मुद्दाम बघितलं नाही. लांबून दिसायचं, पाठ वाकलेली, मान पुढे, आणि एकेक कळ जपून दाबलेली. कधी म्हणायचे, "आज बैठकीत फिरून आलो." कधी, "आज काई नाई झालं. आज जिन्यात बसून राह्यलो." गोळी कधी लवकर लागायची, कधी लागायचीच नाही. दिवाळी गेली, थंडी पडली. एकदा दुपारी जेवताना ते काकूंना म्हणाले, "आता फक्त खिडक्या राह्यल्या." काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत इतका आनंद मी त्याआधी बघितला नव्हता. वाटीतलं तूप त्यांनी माझ्या भातावर सगळं ओतलं.

मग काकांना दाखवायला अकोल्याला नेण्याचे दिवस आले. ते दोन दिवस येणार नव्हते. आणि नेमकं त्याच वेळी मास्तरांचा निरोप आला की पुढचा रस्ता रुंद धरायचा आहे, हद्द मागे सरकवा. साहेबांनी ताईला सांगितलं, प्लॉटची फाइल दुरुस्त कर.

ताईनं तिच्या मशीनवर फाइल उघडली. तिला वाटत होतं काका घर वेगळ्या फाइलीत काढतायत आणि मग ते उचलून प्लॉटमध्ये ठेवायचंय. आम्ही सगळे तसंच करतो. प्लॉट पडद्यावर आला, चार बाजू, रस्ता. कोपऱ्याजवळ एक ठिपका होता. तिनं ओढणीनं पडदा पुसला. ठिपका गेला नाही. मग तिनं तो निवडला आणि पुसून टाकला. असे ठिपके राहतात, चुकून दाबलं जातं, ते पुसून फाइल स्वच्छ ठेवायची हे आम्हाला शिकवलेलंच असतं. तिनं फाइल सेव्ह केली, रस्ता सरकवला, परत सेव्ह केली, आणि बंद केली.

काका अकोल्याहून आले ते खुशीत होते. डॉक्टरांनी गोळी वाढवली होती. स्वेटरच्या बाह्या वर करून बसले, कपडा काढून घडी घातली, फाइल उघडली. मी प्लॉटरला कागदाचा रोल चढवत होतो. त्यांचा आवाज आला, अगदी हळू.

"कोकण्या. माह्यं घर कुठं गेलं?"

मी गेलो. पडद्यावर प्लॉट होता, रिकामा. मी म्हटलं, इथंच असेल काका, कुठे जातंय. बंद ठेवलेलं काही असेल म्हणून सगळं उघडून बघितलं. हद्दीच्या बाहेर लांब लांब जाऊन बघितलं. काही नाही. त्यांना विचारलं, कुठे काढलं होतं? त्यांनी थरथरतं बोट कोपऱ्यावर ठेवलं. "हितं. म्या सुरुवात हितून केली. ही भिंत, दहा मीटर."

"किती टाकलंत तुम्ही? दहा मीटरला?"

"शंभर," ते म्हणाले.

मला तिथेच कळलं. कागदावर घर मावत नाही, म्हणून शंभरपट लहान काढायचं असतं. दहा मीटरची भिंत म्हणजे कागदावर शंभर मिलिमीटर. हे गणित काका करत नव्हते, ते त्यांच्या रक्तात होतं, आपण श्वास घेतो तसं. कॉम्प्युटरवर मात्र घर खऱ्या मापाचं काढायचं असतं, दहा मीटर म्हणजे दहा हजार मिलिमीटर. हे पहिल्याच दिवशी बोलणं झालं होतं, काकांनी मान हलवली होती. पण हात कीबोर्डावर गेला की त्यांच्या डोक्यात कागदच यायचा. आणि पडद्यावर जवळ गेलं की वीतभर घरही पडदाभर दिसतं. त्यांना ते बरोबरच दिसत होतं. मास्तरांच्या खऱ्या मापाच्या प्लॉटमध्ये, एका कोपऱ्यात, काकांनी हाताच्या पंजात मावेल एवढं घर काढलं होतं. सगळ्या भिंती, सगळी दारं, जिना, नावं.

मी अजून बोललो नव्हतो. पाठीमागून ताई म्हणाली, "ठिपका होता." "काका, कोपऱ्यात ठिपका होता. मले वाटलं कचरा हाय. मीच पुसला."

यूपीएसचा बारीक आवाज तेवढा येत होता. ताई रडायला लागली, ओढणी तोंडाशी धरून, आवाज न करता.

काकांनी खुर्ची तिच्याकडे फिरवली. "आता रडते कायले व पोरी," ते म्हणाले. "ठिपका दिसला तं पुसावाच लागते. बोर्डावर असता तं म्या ब्लेडनं खरवडला असता. साहेबाच्या बापानं मले पहिल्या दिवशी हेच शिकवलं, कागदावर ठिपका ठेवू नको." मग म्हणाले, "एवढुसं घर काढलं होय म्या. कोंबडीबी नाई राह्यली असती त्यात."

ताई हसली नाही. मीही नाही. ते एकटेच हसले.

मी दुपारी जेवायला गेलो नाही. फाइलची आदली प्रत कॉम्प्युटर एक ठेवतो, पण दुसऱ्यांदा सेव्ह केलं की तीही बदलते. मधूनमधून तो आपोआप जी नक्कल ठेवतो ती फाइल नीट बंद केली की पुसली जाते. फाइल नीट बंद झाली होती. मी चारही मशीनचे कोपरे धुंडाळले, दुकानातल्या माझ्या जुन्या मालकांना फोन केला, त्यांनी सांगितलेलं सगळं करून बघितलं. आणि सारखं एकच मनात येत होतं. तो ठिपका राहिला असता तर एका हुकमात शंभरपट मोठा करता आला असता. काही चुकलेलं नव्हतं. सगळं बरोबर होतं, फक्त लहान होतं.

साहेब संध्याकाळी आले, त्यांनी ऐकून घेतलं, काकांच्या खुर्चीशी बसले. म्हणाले, "काका, परत काढा. मास्तरांना मी थांबवतो. घाई नाही." मी म्हटलं, तुम्ही तुमच्याच मापानं काढा, शंभराचं शंभर, मोठं मी करून देतो. काका हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते बसले. तिसऱ्या दिवशीही. पण वाढवलेली गोळी त्यांना झेपेना. हात ऐकायचा तेव्हा झोप यायची, आणि झोप उडायची तेव्हा हात सुटलेला असायचा. पूर्वी तासभर मिळायचा, आता चहा निवेपर्यंतचा वेळ मिळायचा. पहिलं घर त्यांनी ज्या तासांत काढलं होतं ते तास त्यांच्याकडे उरले नव्हते. एकदा मी मागे उभा होतो, त्यांना कळलं नाही. त्यांनी एक भिंत काढली, दुसरी काढायला माउस सरकवला, आणि बाण कोपऱ्याशी पोचेना. पोचायचा, निसटायचा. पोचायचा, निसटायचा. मग त्यांनी माउस सोडला, दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबून धरले आणि बसून राहिले. मी पाय न वाजवता परत गेलो.

त्यानंतर ते आले नाहीत. मॉनिटरवर कपडा तसाच. आम्ही रोज झाडायचो, पुसायचो, तो कपडा कोणी हलवला नाही. ताई दोनदा मला म्हणाली, "भाऊ, तुमी जाऊन आणा ना काकांले. माह्यं नाव सांगू नका." मी जेवायला जायचोच. पण काका ऑफिसचा विषय काढत नसत आणि माझी हिंमत होत नसे. काकू भात वाढायच्या, काकांना चमच्यानं भरवायच्या, आणि आम्ही पाण्याच्या टँकरबद्दल बोलायचो.

मास्तर किती थांबणार? साहेब मला म्हणाले, काकांचा पेन्सिलीचा कच्चा नकाशा आहे ना, त्यावरून तू काढ. मी नको म्हटलं. ते म्हणाले, दुसऱ्या कोणाला देऊ का मग? तेव्हा मी बसलो. माझ्या मशीनवर बसलो, त्यांच्या नाही. तो थरथरलेला कागद शेजारी ठेवून मी ते घर काढलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं पूर्ण घर. जिथे रेघ समजायची नाही तिथे मी काकांचं बोलणं आठवायचो, आणि समजायची. काम नीट होत गेलं तसतसं मला जास्त वाईट वाटत गेलं.

नकाशाच्या खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. मालकाचं नाव, इंजिनियरची सही, आणि एक बारीक रकाना, 'रेखाटन'. काढणारा त्यात आपली दोन अक्षरं टाकतो. ऑफिसातल्या जुन्या प्रत्येक नकाशावर त्या रकान्यात काकांची अक्षरं आहेत. परवानगीला त्याचं काही काम नसतं, पण आमच्याकडे ते टाकतात. मी मोठ्या कागदावर प्रिंट काढली, गुंडाळी केली आणि दुपारी त्यांच्या घरी घेऊन गेलो.

काका पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. काकू खाली मेथी निवडत होत्या. मी गुंडाळी उलगडली, कोपऱ्यांवर तांब्या आणि चष्म्याचं घर ठेवलं. खिशातून पेन काढलं.

"काका, इथं तुमची अक्षरं पाहिजेत."

त्यांनी कागदाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "कोणं काढलं?"

"तुमच्याच कच्च्या नकाशावरून आहे सगळं. मी नुसतं गिरवलं."

"काढलं कोणं, इचारून राह्यलो."

"मी."

"मंग तुह्यं नाव टाक."

काकू म्हणाल्या, "टाका ना हो. दोन अक्षरं तं हायेत. पोरगं उन्हाचं घेऊन आलं."

"हात कापते म्हणून नाई म्हणत नाई मी," काका म्हणाले. "आंगठाबी देल्ला असता. पण ती जागा काढणाराची हाय. म्या नाई काढलं हे. माह्यं होतं ते गेलं."

मी म्हटलं, "माझं नाव मी नाही टाकणार, काका."

"मंग कोरी राहू दे."

"एकदा बघा तरी. कुठे चुकलंय का ते सांगा."

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. "नाई पाहत. पाह्यलं का हात हलते माहा, अन् मंग थांबत नाई." मग म्हणाले, "गुंडाळ. अन् सांग तू. तोंडानं सांग मले."

मी तांब्या उचलला, कागद गुंडाळला आणि मांडीवर घेऊन बसलो. कागदाची मला गरज नव्हती. मी म्हटलं, रस्त्यावरून आलं की फाटक. फाटकातून आत ओटा. काका डोळे मिटून म्हणाले, "पायऱ्या?" मी म्हटलं, तीन. "हं. दार?" मी म्हटलं, आत उघडतं, डाव्या अंगाला. "हं." मग बैठक, बैठकीतून उजवीकडे जिना, जिन्याखाली मास्तरांच्या पुस्तकांची जागा, ती तुम्हीच ठेवली होती. "हाव, ठेवली होती." मग स्वयंपाकघर, खिडकी पूर्वेला, ओट्यावर सकाळचं ऊन येईल. देवघर. आतली खोली. मोरी. मागचं दार. मागच्या दाराशी आलो तेव्हा त्यांचं विचारणं थांबलं होतं. मी सांगायचा थांबलो. मला वाटलं झोप लागली.

काकूंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि मला हातानं खुणावलं. हळू म्हणाल्या, "झोपले नाईत. आयकून राह्यले ते. सांग."

पण सांगायला काही उरलं नव्हतं. मागच्या दाराबाहेर थोडं अंगण होतं, मग हद्दीची भिंत, आणि त्याच्या पलीकडे नकाशात काहीच नव्हतं.

मी पुन्हा रस्त्यावर आलो आणि फाटकापासून सांगायला सुरुवात केली.